झीटा ते टी-३ : प्लाझ्माच्या अस्थैर्यावरील नियंत्रणाचा इतिहास (१९५८-१९६९)

अणुसंमीलनाच्या इतिहासात यंत्रांची वर्णने पुष्कळ आढळतात; प्लाझ्माच्या अस्थैर्याने संशोधकांना कसे चकविले, याची चर्चा त्या मानाने कमी होते. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील झीटा व सोव्हिएत संघातील टी-३ या दोन यंत्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी, नियंत्रित संमीलनाचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले होते. हारवेल येथील झीटा १९५७ मध्ये सुरू झाले. त्यात प्लाझ्मातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून, त्याच प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा आवळला जाई. मात्र असा स्तंभ किंचित वाकला की बाकाच्या आतल्या बाजूस क्षेत्ररेषा दाटतात, तेथील दाब वाढतो आणि बाक अधिकच वाढत जातो. क्रुस्कल व श्वार्झशिल्ड यांनी १९५४ मध्येच हे गणिताने दाखविले होते. यावर उपाय म्हणून झीटामध्ये स्तंभाच्या लांबीच्या दिशेने एक दुर्बल क्षेत्र जोडले होते.

जानेवारी १९५८ मध्ये सुमारे पन्नास लाख अंश तापमान व न्यूट्रॉन मिळाल्याचे जाहीर झाले. हे न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची नव्वद टक्के खात्री सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी व्यक्त केली. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते. परंतु ते तापलेल्या प्लाझ्माचे नव्हते, अस्थैर्यामुळे वेग मिळालेल्या थोड्या आयनांचे होते. म्हणजे ज्या दोषावर मात केल्याचे मानले गेले, त्यानेच यशाचा पुरावा निर्माण केला होता! (झीटा मात्र वाया गेले नाही, त्यात दिसलेल्या शांत अवस्थेतून पुढे एक स्वतंत्र संशोधनशाखा उभी राहिली.)

मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतील टी-३ मध्ये कड्याच्या दिशेचे क्षेत्र प्रवाहजन्य क्षेत्राहून कितीतरी प्रबळ ठेवले होते. त्यामुळे क्षेत्ररेषांचा पीळ क्रुस्कल-शाफ्रानोव्ह मर्यादेच्या आत राहिला. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे आर्त्सिमोविच यांनी सुमारे एक कोटी अंश तापमान सांगितले, तेव्हा झीटाच्या अनुभवाने पोळलेल्या पाश्चात्त्यांचा विश्वास बसला नाही. आर्त्सिमोविच यांनी ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनाच मोजमापासाठी बोलाविले. शीतयुद्ध ऐन भरात असताना ते लेसर घेऊन मॉस्कोस गेले. १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या माणिक-लेसरच्या प्रकाशाने त्यांनी आकडा खरा ठरविला. माझ्या मते टोकामॅकचा खरा विजय या मोजमापात आहे, कारण १९७० मध्ये प्रिन्स्टनने आपले स्टेलॅरेटर यंत्र टोकामॅकमध्ये रूपांतरित केले ते त्यानंतरच.

अस्थैर्य मात्र नव्या रूपात परतले. १९८२ मध्ये जर्मनीतील आसडेक्स यंत्रात बंदिस्ती एकाएकी सुधारली आणि त्याबरोबरच प्लाझ्माच्या कडेला ठरावीक अंतराने स्फोट होऊ लागले.