गीसेनची प्रयोगशाळा

हम्बोल्टसारख्या विद्वानाची शिफारस घेऊन, परंतु विद्यापीठातील अध्यापकांना न विचारताच, हेसेच्या ग्रँड ड्यूकने १८२४ साली अवघ्या २१ वर्षांच्या युस्टुस लीबिगची जर्मनीतील गीसेन विद्यापीठात रसायनाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक केली. दरबारी मेहेरबानीने विद्येचे इतके हित क्वचितच साधले असेल. रिकाम्या पडलेल्या लष्करी पहाऱ्याच्या इमारतीत त्याने मांडलेल्या प्रयोगशाळेत विद्यार्थी केवळ श्रोता राहिला नाही. पृथक्करणाचे पाठ हाताने गिरवून तो पुढे स्वतंत्र संशोधनास लागे.

सेंद्रिय पदार्थ कॉपर ऑक्साइडसह नळीत जाळावा, निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडमध्ये आणि कार्बन डायऑक्साइड पाच फुग्यांच्या त्रिकोणी काचपात्रातील पोटॅशच्या द्रावणात शोषून घ्यावा, व दोहोंच्या वाढलेल्या वजनांवरून हायड्रोजन आणि कार्बन यांचे प्रमाण काढावे, ही लीबिगची १८३१ ची रीत इतकी सुटसुटीत होती की, पूर्वी निष्णातांनाही गुंतवून ठेवणारे हे काम नवशिक्यांच्या आटोक्यात आले. (सूत्रे घोकून परीक्षा पार पाडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना, ती सूत्रे तराजूच्या पारड्यातून निघाली आहेत, हे कोणी सांगतच नाही!)

येथेच तयार झालेला हॉफमान १८४५ साली लंडनच्या नव्या रसायन महाविद्यालयात गेला, आणि त्याचा शिष्य पर्किन याला १८५६ साली कृत्रिम जांभळा रंग गवसला. गीसेनला स्थापत्य शिकावयास आलेला केकुले लीबिगची व्याख्याने ऐकून रसायनाकडे वळला. बेंझिनची वलयाकृती रचना त्याने १८६५ साली मांडली.