बंदी न घालता

ऑक्टोबर 2018मध्ये हंगेरीच्या सरकारने आदेश काढून जेंडर स्टडीजच्या एमएची मान्यता काढून घेतली. ती बातमी यवतमाळात मोबाइलवर वाचताना मला वाटलं, आपल्याकडे एवढी उघड लिखापढी कोण करतो?

1974 साली नीरा देसाईंनी मुंबईच्या एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाचं देशातलं पहिलं केंद्र उभं केलं. पुढच्याच वर्षी स. गं. मालशे यांनी ताराबाई शिंदेंची 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा छापली. ताराबाई आमच्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या. पुस्तक 1882चं. मधली 93 वर्षं त्यावर बंदी नव्हती. ते फारसं कुणाच्या हातातच नव्हतं.

पुढे यूजीसीच्या पैशावर देशभर केंद्रं निघाली. पण तो पैसा पंचवार्षिक योजनेचा. 31 मार्च 2017ला बारावी योजना संपली आणि केंद्रं मुदतवाढीवर आली. विषय कुणी रद्द केला नाही. पुढचा पगार होणार का, एवढंच कंत्राटी प्राध्यापकांना कळेना.

यवतमाळला याचं काय? इथे शेतकरी आत्महत्येची फाइल सातबाऱ्यापासून सुरू होते. निंदण, कापूसवेचणी बाईची. सातबारा बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. तिनेच जीव दिला, तर कागदावर ती बहुधा 'गृहिणी'. मुळात शेतकरी म्हणायचं कुणाला, हे तलाठी विचारत नाही. ते विचारायला स्त्री-अभ्यासाचा वर्ग लागतो.

जानेवारी 2019मध्ये इथल्या साहित्य संमेलनाने नयनतारा सहगलांचं निमंत्रण मागे घेतलं. मग उद्घाटनाला वैशाली येडे उभ्या राहिल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. आणि भर मंचावरून त्यांनी हेच जगणं मांडलं.