फोटोतली बुटकी गाडी कुणाची?

परवा आमच्या जव्हारच्या ग्रुपवर एका बुटक्या गाडीचा जुना फोटो आला. मागे शाईने साल लिहिलेलं, १९४९. लगेच एकजण म्हणाला, फियाट ६००. पण ती तर १९५५ला आली, म्हणजे हा अंदाज बाद! दुसरा म्हणाला, बीटल. अरे, बीटलमध्ये चौघं बसतात, इथे दोनच सीट!

ही ‘मीरा’. परदेशी नाही, आपल्या इचलकरंजीची. शंकरराव कुलकर्णींनी बनवलेली. इंजिन मागे, आणि स्प्रिंगऐवजी रबराचं सस्पेन्शन. १९७०च्या दशकापर्यंत ते तिची नवनवी मॉडेल्स बनवत राहिले. साधारण १२,००० रुपयांत ती लोकांना द्यायची होती. पण तेव्हा कारखान्याला सरकारी परवाना लागायचा. मीरा बाजारात आलीच नाही. म्हणून तर आपण तिला ओळखत नाही, आणि दिसली की आधी परदेशी नावंच सुचतात. मलाही तेच सुचलं होतं, खोटं कशाला बोलू?

जव्हारचा घाट ती चढली असती का, यावर ग्रुपवर अजून भांडण चालूय. आजोबांच्या अल्बममध्ये अशी एखादी गाडी सापडली, तर फोटो क्रॉप करू नका. नंबर प्लेट आणि फोटोची मागची बाजू, दोन्ही पाठवा.