फर्नेस क्रीक
फर्नेस क्रीक हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील डेथ व्हॅली या शुष्क खोऱ्यातील एक लहान ओढा आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ५ सेंमी पाऊस पडतो. त्यामुळे ओढ्याचे पात्र बहुधा कोरडे असते. काठची वस्ती ट्रॅव्हर्टाईन व टेक्सास या झऱ्यांच्या पाण्यावर टिकून आहे.

हा परिसर टिंबिशा शोशोनी लोकांचे पूर्वापार निवासस्थान होय. १८८३ ते १८८८ या काळात येथील हार्मनी कारखान्यात टाकणखार तयार होत असे. १९३३ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारक झाले, तेव्हा टिंबिशांसाठी जमीन राखून ठेवली गेली नाही. वस्तीला पुरापासून वाचवण्यासाठी १९४१ मध्ये ओढ्याचा प्रवाह गोवर घळईत वळवण्यात आला. परिणामी ती घळई झपाट्याने खोल झाली. २००० च्या कायद्यान्वये टिंबिशांना येथील काही जमीन परत मिळाली.