येणारा पायप, जाणारा पायप

मिरज तालुक्यात कृष्णेपासून दीड मैलावर आमचं चार एकर काळं रान. नदीच्या अंगाला, जरा उंचावर, तात्यांचं रान. त्याच्या मागं आमचं, ओढ्याकडे उतरत गेलेलं. आमच्या विहिरीवर आधी मोट होती, मग इंजिन आलं. पण चैत्रात विहीर तळ गाठायची. 1972 च्या दुष्काळात आण्णांनी बैल विकले. नदीला पाणी दिसायचं आणि रान वाळून जायचं, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

अडचण पायपाची होती. लोखंडी पाइप परवडत नसे. सिमेंटचा जड, आणि सांधा निखळला की पाणी वाटेतच मुरायचं. 1980 साली जळगावात भवरलाल जैन यांनी पीव्हीसी पाइपचं उत्पादन सुरू केलं. त्या दशकात असले पाइप आमच्याकडंही पोचले. वीस फुटी नळी एकटा गडी खांद्यावर टाकून चालायचा. पाचटाच्या जाळावर तोंड शेकायचं, मऊ झालं की दुसरी नळी आत सारायची. उन्हानं ठिसूळ होते म्हणून चर मारून पुरायची.

चर तात्यांच्या रानातून जाणार होता. आण्णा विचारायला गेले तेव्हा तात्या म्हणाले, "घाल की. पाणी काय माझं हाय व्हय?" कागद नाही, सही नाही.

पहिलं पाणी आलं त्या दिवशी आज्जीनं नळीच्या तोंडाला हळदकुंकू वाहिलं. मग ऊस आला. वीज आली की मोटर सुरू, सरी तुडुंब भरेपर्यंत. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, असंच सगळ्यांना वाटायचं.

पंधरा वर्षांत रान बोलायला लागलं. आधी तात्यांच्या सखल कोपऱ्यात उसाचे शेंडे पिवळे पडले, मग उन्हाळ्यात मातीवर पांढरं फुटलं. काळ्या मातीतून पाणी लवकर झिरपत नाही. ते साठून वर येतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं ठेवतं. हे काही नवं नव्हतं. नीरेच्या कालव्याखाली हेच झालं होतं, आणि पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासोबत नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 सालीच लिहून ठेवलं होतं. ते आमच्या बांधापर्यंत कुणी आणलं नाही.

उपाय पुन्हा पायपाचाच निघाला. ही नळी मात्र वेगळी: अंगावर कडी आणि बारीक भोकं, गाळ शिरू नये म्हणून कापड गुंडाळलेलं. तीन-चार फूट खोल, उतार धरून पुरायची. जमिनीतलं जादा पाणी भोकांतून आत येतं, मोठ्या पाइपात जमतं आणि ओढ्याला लागतं. वरून गोडं पाणी दिलं की मीठ विरघळून त्याच वाटेनं निघून जातं.

तात्यांच्या रानाचा ओढा आमच्या रानापलीकडं.

तात्या आले. आण्णा म्हणाले, "तुजं खारं पाणी माज्या रानातनं कशाला?" मी तेव्हा शिकून शहाणा झालेला. मीच म्हणालो, "बघू, आधी कागद करू." तात्या माझ्याकडं बघत राहिले आणि चहा न घेताच उठले. कागद झाला नाही. दोन वर्षं गेली. त्यांचं रान चोपण झालं, ज्वारीसुद्धा उगवेना. त्यांचा थोरला कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागला.

एका सकाळी मोटर सुरू करायला आण्णा निघाले, तेव्हा आई चुलीपुढनं म्हणाली, "आपली नळी कुनाच्या रानातनं येती?" एवढंच. आण्णा चप्पल घालून तसेच तात्यांच्या दारात गेले. मी मागं गेलो नाही. माझं धाडस झालं नाही.

त्या उन्हाळ्यात चर खणला. आमच्याही रानात नळ्या घातल्या, कारण तोवर आमच्याकडंही पांढरं फुटलं होतं. ओढ्याच्या तोंडाशी पाणी गळायला लागलं तेव्हा मी ओंजळीत घेऊन चाखलं. खारट होतं. तिसऱ्या वर्षी तात्यांच्या रानात गहू उभा राहिला.

तात्यांनी तो पाहिला. थोरला मात्र कुपवाडहून परत आला नाही. दोन वर्षं आधी चर खणला असता तर तो गेला नसता का, हे मी तात्यांना कधी विचारलं नाही.