हरताळापासून मार्कडाउनपर्यंत : साध्या मजकुरातील खुणांचा इतिहास

१/ वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी मानली जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तथापि या समाजाचा फार मोठा ठेवा आजही कपाटात नसून कंठात आहे.

२/ गोरबोलीला स्वतःची निराळी लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. होळीच्या लेंगी पिढ्यानपिढ्या ऐकूनच शिकल्या गेल्या. आज एखाद्या नातवाने आजीच्या तोंडची लेंगी संगणकावर टिपून घेतली, तर ती पन्नास वर्षांनी कोणाला वाचता येईल काय?

३/ ही शंका अनाठायी नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही मराठी छपाईत दीर्घकाळ ज्याचा-त्याचा निराळा संकेत असलेले फॉन्ट चालत राहिले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की मराठीऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसत. मजकूर जागेवर असूनही वाचकाला पारखा होई.

४/ आता पोथीकडे पाहा. तेथे शब्द सलग लिहिले जात. चरण संपला की एक दंड, ओवी संपली की दोन दंड व क्रमांक. महत्त्वाचा भाग तांबड्या रंगाने उठून दिसे. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासला जाई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथलाच. खूण मजकुरातच असे आणि ती उघड्या डोळ्यांना कळे.

५/ एकोणिसाव्या शतकात छापखाना स्थिरावला आणि मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुळली.

६/ संगणकाच्या काळात हाच विचार पुन्हा पुढे आला. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मथळ्याच्या दोन्ही बाजूंना == लिहितात. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने मार्कडाउन प्रसिद्ध केले. ईमेल लिहिणाऱ्यांत रुळलेले संकेतच त्यांनी मुख्यतः उचलले : मथळ्याआधी #, ठळक शब्दाभोवती **, उद्धृतापूर्वी >.

७/ नातवाची नोंद अशी दिसेल :

# आजीची लेंगी
- स्थळ: पोहरादेवी
- प्रसंग: होळी
- बोली: गोरबोली

हे रूपांतरित करणारी आज्ञावली उद्या लोपली, तरी मथळा कोणता व तपशील कोणता, हे कोणीही सांगू शकेल. मार्कडाउनचे मूळ उद्दिष्टही हेच : कच्चा मजकूरच सुवाच्य असावा.

८/ मात्र या खुणा रोमन कळफलकावर जन्मल्या. इन्स्क्रिप्ट मांडणीत # च्या कळीवर रकार आणि * च्या कळीवर ‘श्र’ येतो. म्हणून दर खुणेसाठी मांडणी बदलावी लागते. क्रमांकित यादीत देवनागरी ‘१.’ ओळखला जात नाही, इंग्रजी आकडाच लागतो. एका तारांकनाने अक्षरे तिरपी होतात. पण देवनागरीला तिरप्या वळणाची परंपरा नाही. मराठीत ठळक अक्षरच बरे.

९/ गीत टिपणाऱ्याने आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. मार्कडाउन लागोपाठच्या ओळी एकाच परिच्छेदात जोडते. ओळ तोडायची, तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. नकल करताना त्या गळाल्या, तर आजीच्या लेंगीचे गद्य होईल.

१०/ यावरचा उपाय पोथीकारांनी केव्हाच सांगून ठेवला आहे. प्रत्येक चरणाअखेर दंड द्यावा. ओळी एकमेकींत मिसळल्या तरी दंड उरतो, आणि चरण कोठे संपला हे पुढच्या वाचकाला कळते. यंदाच्या होळीला आजीजवळ बसाल, तेव्हा साधी फाइल उघडा आणि पहिल्या चरणापासून दंड देत चला.