पाणी १०० अंशांना उकळतं, मग अहिल्यानगरमध्ये ९८ लाच का?

शाळेच्या प्रयोगशाळेत बीकरमधलं पाणी खदखदत होतं आणि थर्मामीटरचा पारा ९८ वरच अडून बसला होता. ज्योत मोठी केली, तरी हलेना. पुस्तकात तर पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस. मग आम्ही सगळ्यांनी जर्नलमध्ये काय लिहिलं? १००! त्याला बरोबरची खूणही मिळाली.

खरं तर थर्मामीटर बरोबर होता.

पाणी तापतं तसा त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या आतही वाफेचे बुडबुडे तयार होऊ लागतात. यालाच आपण उकळणं म्हणतो. म्हणजे हवेचा दाब कमी असेल, तर पाण्याला तेवढं तापावंच लागत नाही.

पुस्तकातले १०० अंश पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर दाबासाठी, म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेसाठी आहेत. मुंबईत ते जुळतं. अहिल्यानगर शहर मात्र जवळपास ६५० मीटर उंचीवर आहे. इथे डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. ६५० भागिले ३००, म्हणजे साधारण २. म्हणून ९८.

याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या हद्दीवर कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. तिथे पाणी ९४-९५ अंशांनाच उकळेल. चहा होईल, पण उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला घेतली तर बराच वेळ ताटकळावं लागेल. आच वाढवूनही उपयोग नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते (पुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच), त्यामुळे पाणी लवकर आटतं, जास्त तापत नाही. कुकरमध्ये उलट होतं. वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जातं.

गंमत म्हणजे, ज्यांच्या नावाची ही मोजपट्टी आहे, त्या अँडर्स सेल्सिअस यांना १७४२ मध्येच ठाऊक होतं की उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर ठरतो.

परीक्षेत ‘प्रमाण दाबाला’ असं विचारलं, तर उत्तर १०० च. प्रयोगाच्या वहीत मात्र दिसला तोच आकडा लिहा, सोबत गावाचं नावही. अहिल्यानगरमध्ये ९४ किंवा १०२ दिसलं, तर थर्मामीटर वितळत्या बर्फात धरून बघा. तिथे ० दिसायला हवं, कारण बर्फ वितळण्याच्या तापमानावर उंचीचा परिणाम जवळपास होतच नाही.